फळी उलटण्याआधी

आई,

सकाळचे साडेनऊ वाजलेत. अकरा डबे भरून गेलेत आणि ते न्यायला येणारा माणूस जिन्यावरून खाली उतरलाय. तू फळीवरचं उरलेलं पीठ पंजाच्या कडेनं गोळा करतेस आणि डब्यात टाकतेस. मग फळी ओल्या फडक्यानं पुसतेस, नंतर कोरड्या. मग तिच्यावर तळहात ठेवून इकडून तिकडे फिरवतेस, कुठं चिकट लागतंय का ते बघायला. बाबा रात्रपाळी करून आलेत आणि भिंतीकडे तोंड करून झोपलेत, म्हणून आपण कुजबुजत बोलतो. मी कोपऱ्यात दप्तर मांडीवर घेऊन बसले आहे. माझी शाळा दुपारची. तू हळूच म्हणतेस, "धर गो त्या बाजूनं," आणि आपण दोघी फळी उलटतो. आता ती चपात्यांची फळी नाही, माझं टेबल आहे. वाकोल्याच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत रोज असं व्हायचं. रविवारीसुद्धा.

फळी फणसाची होती, गावाहून आलेली, एवढी रुंद की तू दोन चपात्या शेजारी शेजारी लाटायचीस. एक बाजू पीठ मुरून पांढुरकी झालेली. दुसऱ्या बाजूला माझ्या शाईचे डाग आणि मी करकटकानं पाडलेली भोकं. दोन बाजू एकमेकींना कधी भेटायच्या नाहीत, याची तू डोळ्यांत तेल घालून काळजी घ्यायचीस. चौथीत असताना एकदा मला घाई झाली आणि मी न पुसताच फळी एकटीनं उलटली. खालच्या बाजूला कणकेचे ठिपके तसेच राहिले आणि रात्रीतून मुंग्या लागल्या. दुसऱ्या दिवशी एका डब्यात चपातीबरोबर मुंग्या गेल्या आणि डबा तसाच परत आला. तू मला मारलं नाहीस. डबा माझ्यापुढे उघडून ठेवलास आणि म्हणालीस, "बघ. नीट बघ. एका माणसाचं जेवण हुकलं. ज्या बाजूचं काम झालं ती पुसल्याशिवाय उलटायची नाय. कितीदा सांगायचं?" त्या दिवशी मी ते जे ऐकलं, ते आज साठी गाठली तरी ऐकतेच आहे. हे पत्र खरं म्हणजे त्याबद्दलच आहे.

तुला वाचता येत नव्हतं. पण वाण्याकडून आलेल्या पुड्यांचे कागद तू फेकायची नाहीस. डाळ डब्यात ओतली की कागद मांडीवर सरळ करायचीस, गादीखाली दाबून ठेवायचीस आणि मला द्यायचीस. कधी वर्तमानपत्र, कधी कुठल्या मासिकाचं पान. ज्यात चित्र नाही आणि अक्षर बारीक, तो कागद तुला जास्त मोलाचा वाटायचा. "ह्यात पुष्कळ हाय बघ, वाच," म्हणायचीस. आठवीनंतर माझी शाळा सुटली, डब्यांच्या कामाला मी तुझ्या हाताखाली आले. पण ते कागद सुटले नाहीत. तू लाटायचीस आणि मी भाजता भाजता वाचून दाखवायची. कुणी बाई घर सोडून निघाली आहे, कुणाचा मुलगा परत आला आहे. एकदा तू लाटणं थांबवून म्हणालीस, "काय गो, ह्या बाईचं काल लगीन झालं म्हणालीस, आज ती विहिरीत कशी गेली?" मी म्हटलं, "ही दुसरी बाई." तू माझ्याकडे जरा वेळ बघितलंस आणि म्हणालीस, "बरं. चपाती करपतेय."

तुझे जावई कधी पुस्तक वाचायचे नाहीत, हे तुला माहीत आहे. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होते, हातात पाना आणि डोक्यात मोटारी. पण लग्न झाल्यावर बोरीवलीला आलो तेव्हा पहिल्याच महिन्यात त्यांनी मला वाचनालयाचं सभासद केलं. तू आमच्याकडे राहायला आलीस तेव्हा शेजारणीला सांगत होतीस, "जावई काय वाचत नाय, पण वाचणारीला नेऊन सोडतो आणि बाहेर उभा राहतो." तू गेलीस त्याला आता तीस वर्षं झाली. पुढचं तुला ठाऊक नाही, म्हणून सांगते.

निवृत्तीच्या दोन-तीन वर्षं आधी त्यांनी एक कॉम्प्युटर घेतला. वहीसारखा उघडणारा, पण याचा पडदा पूर्ण मागे जातो. बटणं खाली जातात आणि हातात नुसती पाटी राहते. त्यांना कामाला तो बरा पडायचा. लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून पाटी हातात धरायची आणि बोटानं खुणा करायच्या. घरी येऊन तोच सरळ उघडायचा आणि बटणांवर रिपोर्ट लिहायचा. पाटी केली की पडद्यावर मोठे मोठे चौकोन येतात, बोटानं दाबायला सोपे. सरळ उघडला की चौकोन जातात आणि त्यांच्या कामाच्या पिवळ्या फायली दिसतात. उलटताना दर वेळी मशीन विचारायचं, त्या बाजूला जायचं का. हो म्हटलं की जायचं. मी त्यांना तुझ्या फळीची गोष्ट सांगितली तेव्हा ते पोट धरून हसले. मग घरात त्या मशीनचं नावच फळी पडलं. माझी वाचायची पुस्तकं त्यांनी चौकोनांमध्ये घालून दिली होती. संध्याकाळी त्यांचं लिहून झालं की पडदा मागे वळवायचे आणि माझ्या हातात द्यायचे, "घे गं, तुझी बाजू."

आणि मी काय करायची सांगू? परत देताना सगळी पुस्तकं एकेक करून बंद करायची, पदरानं काच पुसायची आणि मग द्यायची. त्यांनी मला दहादा सांगितलं असेल. "अगं, काही पुसायला लागत नाही यात. माझं तिकडे राहतं, तुझं इकडे राहतं. नुसतं उलटायचं."

"असं कसं? एकच तर फळी आहे."

"एकच आहे. पण दोन्ही बाजूंचं सगळं आत आहे."

"आत कुठे?"

"आता तुला मोटर उघडून दाखवू का?"

मला पटलं नाही. पटल्यासारखं केलं.

निवृत्त झाल्यावर रिपोर्ट संपले, तरी ते संध्याकाळी बटणांपुढे बसायचेच. दोन बोटांनी मराठी टाइप करायला शिकले होते, एक अक्षर शोधायला अर्धं मिनिट. मी विचारलं, आता काय लिहिता? तर म्हणाले, "तू सगळ्या जगाचं वाचतेस. माझं वाचशील का?" मी म्हटलं, दाखवा की. तर नाही. "पुरं होऊ दे. अर्धवट वाचायचं नाही." मी कणीक मळायची आणि मागून ती टक, टक ऐकायची. चार-पाच महिने तरी चाललं असेल. एका संध्याकाळी आमटी निवत होती, मी दोनदा हाक मारली आणि तिसऱ्यांदा जरा चिडूनच म्हटलं, "अहो, बंद करा ते आता. ताट वाढलंय." त्यांनी मुकाट्यानं पडदा मागे वळवला, मशीन माझ्या पुस्तकाशेजारी ठेवलं आणि जेवायला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलात तीन दिवस होते. घरी आले नाहीत.

तेरावं झालं आणि माणसं गेली. मुलगी आंघोळीला गेली होती. घरात काही करायला नव्हतं म्हणून मी ते मशीन उचललं. पाटी केलेलंच होतं, माझ्या बाजूवर. सवयीनं सरळ उघडलं, तसं मशीननं विचारलं, इकडून निघून त्या बाजूला जायचं का. इंग्रजीत असतं ते, पण तेवढं मी लावून लावून वाचते. त्या बाजूला त्यांच्या पिवळ्या फायली असणार, आणि त्यांनी मागे लावलेला आमच्या मुलीचा लहानपणचा फोटो. मला त्या दिवशी ते बघवलं नसतं. मी नाही म्हटलं. त्याखाली एक छोटा चौकोन होता, पुन्हा विचारू नकोस असं लिहिलेला. मी त्यातही खूण केली. इतकंच केलं.

वर्षश्राद्ध झाल्यावर मला वाटलं, आता जमेल. आता वाचू. मशीन सरळ उघडलं. त्यानं काही विचारलं नाही. बटणं समोर होती, पण पडद्यावर माझेच चौकोन. बंद करून पुन्हा उघडलं, उलटंसुलटं करून बघितलं. माझेच चौकोन. त्यांची बाजू नव्हतीच. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि मला तुझा आवाज ऐकू आला, पुसल्याशिवाय उलटायची नाय. मला वाटलं, मशीननं मला विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं. पुन्हा विचारू नकोस म्हटलं. त्यानं ऐकलं. पुसून टाकलं. नवऱ्यानं माझ्यासाठी म्हणून जन्मात एकदा काही लिहिलं, आणि ते न वाचता मी माझ्या बोटानं पुसलं.

हे मी कुणाला सांगितलं नाही, आई. मुलीला तर नाहीच. ती मुलुंडला राहते, दर रविवारी येते, आणि कधी कधी म्हणायची, "बाबा काहीतरी लिहीत होते ना गं? बघायला पाहिजे एकदा." मी म्हणायची, बघू. मग चहा टाकायला उठायची. असं अजून दोन वर्षं चाललं. मी त्या मशीनवर वाचत राहिले, कारण ते न वापरणं म्हणजे कबूल करण्यासारखं होतं. पण प्रत्येक पुस्तकाचं पान पुढे सरकवताना वाटायचं की हे सगळं त्यांच्या जागेवर पसरलंय.

गेल्या महिन्यात मशीन मधोमध फुगलं. बटणांचा भाग पापडासारखा वर आला. मुलीनं बघितलं आणि किंचाळलीच. "आई, बॅटरी फुगलीय! हे घेऊन तू गादीवर झोपून वाचतेस? वाट लागली असती. हे आजच्या आज देऊन टाकायचं. नवीन घेऊ, हे एक्स्चेंजमध्ये."

"देऊन टाकायचं म्हणजे?"

"म्हणजे ते सगळं पुसून घेतात आणि…" ती थांबली. "आधी बाबांचं काढून घेऊ ना."

स्टेशनजवळ एक दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे गेलो. दुकान एक बाई चालवतात, चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर, समोर स्क्रूच्या वाट्या मसाल्याच्या डब्यासारख्या मांडलेल्या. त्यांनी आधी मागचं झाकण उघडून फुगलेली बॅटरी बाहेर काढली, लांब ठेवली, आणि नुसत्या वायरवर मशीन चालू केलं. मग विचारलं, "काकू, आतलं काय काय वाचवायचंय?"

मुलगी म्हणाली, "माझ्या बाबांच्या फायली आहेत."

तेव्हा मी बोलले. मला वाटतं, मुलीपुढे घरात बोलणं जमलं नसतं. तिथे अनोळखी बाई होती म्हणून जमलं. मी म्हटलं, "त्या नाहीत. मी पुसल्या. ते गेल्यावर पंधरा दिवसांत."

दुकानातल्या बाईंनी चष्मा खाली घेतला. "काय दाबलं होतं?"

मी सगळं सांगितलं. काय विचारलं, मी काय म्हटलं, कुठे खूण केली. त्या ऐकत होत्या आणि मध्येच हसायला लागल्या. वाईट नाही, जसं आपल्यात कुणी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतं तेव्हा हसतात तसं. "अहो काकू, यानं काही पुसलं नाही. तुम्ही त्याला सांगितलं की मी इकडेच राहणार, तर ते बिचारं इकडेच राहिलं. नुसता मोड अडकलाय तुमचा." त्यांनी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दाबलं, एक पट्टी बाहेर आली, तीत एक चौकोन निळा होता, त्याच्यावर बोट ठेवलं. माझे चौकोन गेले. आणि आमची मुलगी समोर आली, सहा वर्षांची, पुढचे दोन दात नसलेली, आणि तिच्या आजूबाजूला पिवळ्या फायली. एकीखाली लिहिलं होतं, लिफ्ट.

"झालं," त्या म्हणाल्या. "एवढंच होतं."

मुलगी रडायला लागली आणि त्याच वेळी माझ्यावर चिडली. "तीन वर्षं, आई? तीन वर्षं तू हे एकटी घेऊन बसलीस? मला एकदा विचारायचं नाही?"

"तू विचारलं असतंस, कुणी पुसलं."

"नसतं विचारलं!"

"विचारलं असतंस गं. मी तुझ्या जागी असते तर विचारलं असतं."

दुकानातल्या बाईंनी आम्हाला दोन स्टुलं दिली आणि म्हणाल्या की नवीन बॅटरी दोन दिवसांत येईल, मशीन अजून चालेल. नवीन मशीन घेतलं तर त्यात अशा दोन बाजू दिसत नाहीत, ते न विचारता आपलं आपण ठरवतं. मी म्हटलं, मग हेच राहू दे. विचारणारं.

फाईल मी दुकानात उघडली नाही. बॅटरी बसवून आणली आणि तीन दुपारी बसून वाचली. आई, माणूस चाळीस वर्षं शेजारी झोपतो आणि तो असं लिहू शकतो हे आपल्याला माहीत नसतं. फार मोठं नाही. लिफ्टच्या गोष्टी आहेत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं, जोडाक्षरं तुटलेली. एका सोसायटीत लिफ्ट रोज दुपारी चारला बंद पडायची. यांनी मोटर बघितली, वायर बघितल्या, काही सापडेना. शेवटी एक दिवस चारला तिथेच जाऊन बसले. तर तिसऱ्या मजल्यावरच्या एक आजी दारात पायपुसणं अडकवून ठेवायच्या. लिफ्ट थांबली की वॉचमन जिना चढून वर यायचा, आणि मग त्याच्याशी दोन शब्द बोलायला मिळायचे. यांनी लिहिलंय, "मी आजींना काही बोललो नाही. रिपोर्टात लिहिलं, सेंसरमधे धुळ." तेवढ्या एका ओळीवर मी दुपारभर बसून होते. अशा बारा-तेरा गोष्टी आहेत. माझ्याबद्दल एकच वाक्य आहे, कुठल्या तरी गोष्टीच्या मध्येच: "हे बायकोला सांगितलं तर ती म्हणेल पुढे काय झालं, म्हणुन पुढे काय झालं ते पण लिहितो."

शेवटची गोष्ट घाटकोपरच्या एका इमारतीची आहे. लिफ्ट सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये अडकली आहे. वीज गेलेली. सगळे घाबरून वर-खाली धावताहेत, आणि आतून कुणीतरी गाणं म्हणतंय, अगदी निवांत, जसं काही स्वयंपाक करता करता म्हणावं. हे टॉर्च घेऊन सातव्यावर पोचतात. लोक विचारतात, कोण अडकलंय, तर कुणालाच माहीत नाही. "मी चावी लाऊन दार सरकवलं आणि आत"

तिथे संपतं. आत. त्यापुढे काही नाही.

मी ते वाचलं आणि मला ती संध्याकाळ ऐकू आली. आमटी निवत होती. बंद करा ते आता, ताट वाढलंय. तीन वर्षं मी स्वतःला एका गोष्टीसाठी दोष दिला जी मी केलीच नव्हती, आणि जी केली होती ती मला ठाऊकही नव्हती. पण खरं सांगू, हा दोष मला तेवढा टोचत नाही. ते भुकेले होते. आमटी अजून गरम होती. चांगले जेवले त्या रात्री.

तर हे सगळं तुला सांगायचं होतं, कारण फळीचा नियम तुझा होता आणि मी तो नको तिथेही पाळत राहिले. तुझ्या फळीला एकाच वेळी एकच बाजू वर ठेवता यायची. दुसरी खाली जमिनीला लागायची, म्हणून तुला पुसावंच लागायचं. यात तुझं काही चुकलं नाही. एका माणसाचं जेवण हुकलं असतं. पण ते गेले तेव्हा आजूबाजूच्या सगळ्यांनी माझंही तसंच धरलं, की आता ही बाजू संपली, पुसा, आवरा, त्यांचे कपडे देऊन टाका. आणि मी आवरलं. आता वाटतं की त्यांचे दोन सदरे तरी ठेवायला हवे होते. असू दे.

हे पत्र मी त्याच मशीनवर लिहिलंय, बटणांवर, दोन बोटांनी, त्यांच्यासारखंच. पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही, आणि पाठवलं असतं तरी तुला ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं. म्हणून ते लिफ्टच्या फाईलशेजारी ठेवते. फक्त एक सांगायचं राहिलं आहे, आणि तू आता रागावणार नाहीस असं धरून सांगते. पुड्यांच्या त्या कागदांवर शेवट कधीच नसायचे, आई. कागद कडेला फाटलेला असायचा आणि गोष्ट मध्येच तुटलेली. तू लाटताना मी जे लग्न लावलं, जे मुलगे परत आणले, ती बाई जी विहिरीत गेली, ते सगळं मी कागदाकडे बघत मनानं सांगत होते. तुला वाटायचं मी वाचते आहे. निदान मला वाटायचं की तुला तसं वाटतं.

फाईल वाचून संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चपात्या झाल्या. मी ओटा तसाच ठेवला, हात तेवढे धुतले, मशीन सरळ उघडलं, आणि "आत"च्या पुढे लिहायला सुरुवात केली.